काळ्या केसांवर कलर: कॉस्मेटॉलॉजी शिकणाऱ्यांसाठी पहिले धडे

शेड कार्डावरच्या बटा बहुधा पांढऱ्या कृत्रिम धाग्यावर रंगवलेल्या असतात. खुर्चीत बसलेल्या काकूंचे केस मात्र लेव्हल २ किंवा ३ चे, म्हणजे काळे ते काळपट तपकिरी. त्यात मागच्या दिवाळीची मेहंदी, कानशिलांवरचे पांढरे आणि उन्हाने तांबूस झालेली टोकं. कार्डावरचा ६.४ नंबरचा रंग या केसांवर कार्डासारखा उतरणार नाही. खाली जे आहे त्यात मिसळूनच तो दिसेल. म्हणून आधी केस वाचायचे, ट्यूब नंतर निवडायची. आयटीआयच्या ट्रेडला असाल, नागपूरच्या धरमपेठेतल्या अकॅडमीत असाल की इतवारीतल्या पार्लरमध्ये हाताखाली शिकत असाल, हा क्रम बदलत नाही.

ट्यूब आणि बाटली नेमकं काय करतात

परमनंट कलरच्या ट्यूबमध्ये तयार रंग नसतो, रंगाचा कच्चा माल असतो. म्हणूनच दाबून काढलेली क्रीम आधी फिकट दिसते आणि हवा लागली की काळवंडत जाते. अमोनिया (किंवा अमोनिया-फ्री कलरमध्ये त्याच्या जागी घातलेलं दुसरं अल्कली द्रव्य) केसाचा वरचा खवल्यांचा थर, म्हणजे क्युटिकल, फुलवतं. मग डेव्हलपरमधलं (म्हणजे बाटलीतल्या द्रव्यातलं) हायड्रोजन पेरॉक्साइड आतल्या कॉर्टेक्समध्ये शिरून दोन कामं करतं: मूळचं मेलॅनिन फिकं करतं आणि कच्च्या मालाचे छोटे रेणू जोडून मोठे रंगीत रेणू बनवतं. हे मोठे रेणू आतच अडकतात, त्यामुळे कलर धुतला तरी निघत नाही.

वेळेचं गणित यातूनच येतं. केस उजळण्याचं बरंचसं काम पहिल्या टप्प्यात होतं, रंग पक्का होण्याचं नंतरच्या. ३५ मिनिटांचा कलर २० व्या मिनिटाला धुतला तर केस उजळलेले असतात, पण त्यावर बसायचा टोन (रंगाची झाक) अर्धवट राहतो आणि खालचा लालसर-नारिंगी वर येतो. "आता छान दिसून राहिला, धुऊन टाका" असं ताई म्हणाल्या तरी धुवायचं नाही. ओल्या क्रीममधून दिसणारा रंग हा खरा रंग नव्हे. शंका असेल तर एक बट ओल्या कापसाने पुसा, वाळवा आणि मग बघा.

विचारपूस आणि चाचण्या

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. खांद्याखाली जाणारे, मुळापासून ३५ सेंटीमीटर लांब केस असतील तर टोकं जवळपास तीन वर्षांची झाली. तेव्हा प्रश्नही तीन वर्षांचा हवा. "केमिकल लावलंय का?" असं विचारलं की उत्तर "नाही जी" असंच येतं, कारण घरची पुडी लोकांच्या लेखी केमिकल नसते. त्याऐवजी असं विचारा: पांढरे लपवायला घरी काय लावता? पुडी ओली करून लावता की शाम्पूसारखी? मेहंदी लावता तर ती हिरवी भिजवता की काळी? स्मूदनिंग, रिबाँडिंग कधी केलं?

शुद्ध मेहंदीतलं लॉसोन केसांच्या केराटिनला चिकटतं आणि नारिंगी-तांबडा थर देतं. त्यावर गडद कलर बसतो, फक्त लालसर झाक कायम राहते. मात्र तेच केस उजळायला गेलात तर किती उजळतील, कुठे अडतील याचा भरवसा नसतो. 'काळी मेहंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांमध्ये पीपीडी हा कलरमधलाच घटक असतो. काही हळूहळू काळं करणाऱ्या तेलांत आणि डायमध्ये धातूंचे क्षार असतात, आणि खरा धोका त्यांचाच. पेरॉक्साइड लागताच असे केस तापतात, धूर येतो, बट हातात तुटून येते.

इतिहास स्पष्ट नसेल तर कंगव्यात आलेले किंवा मागून कापलेले थोडे केस दोऱ्याने बांधा. काचेच्या भांड्यात ३० मिली २० व्हॉल्यूम (६ टक्के पेरॉक्साइडचं) डेव्हलपर आणि २८ टक्के अमोनियाचे २० थेंब घाला आणि त्यात ती बट ३० मिनिटं बुडवून ठेवा. साधे केस सावकाश फिके होतात. लगेच फिके झाले तर शिशाचा संशय, फसफसून, तापून तुटायला लागले तर तांब्याचा. आणि अर्ध्या तासात काहीच फरक पडला नाही तर ते शुभ लक्षण समजू नका, चांदीचे क्षार असले की असंच होतं. तिन्ही बाबतींत कलर, ब्लीच काही करायचं नाही. तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबावं लागतं, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा.

पॅच टेस्टला फाटा देऊ नका. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेवर लावा आणि ४८ तास बघा. खाज, पुरळ, सूज यांपैकी काही दिसलं तर कलर रद्द. गेल्या महिन्यात काही झालं नव्हतं म्हणून याही महिन्यात होणार नाही असं नसतं. पीपीडीची ॲलर्जी कितव्याही वेळेला उद्भवू शकते. लग्नात हातावर काढलेल्या झटपट काळ्या मेहंदीने कधी फोड आले होते का, हे आवर्जून विचारा. उत्तर 'हो' असेल तर पॅच टेस्टही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा.

तुमची त्वचाही रोज या रसायनांत असते. नायट्राइल ग्लोव्ह्ज धुवायच्या वेळीही हातात हवेत (कित्येक जणी नेमक्या तेव्हाच काढून ठेवतात), आणि ब्लीच पावडर काढताना मास्क लावा. त्यातली परसल्फेटं श्वासात गेली की दम्याचा त्रास जडू शकतो.

नंबर कसा वाचायचा

बिंदूच्या आधीचा आकडा म्हणजे लेव्हल, किती गडद किंवा किती फिकं: १ काळा, १० सर्वांत फिका सोनेरी. बिंदूनंतरचा आकडा म्हणजे टोन. .१ म्हणजे बहुतेक ठिकाणी ॲश (थंड, राखाडी झाक) आणि .३ म्हणजे गोल्ड. पुढे मात्र कंपन्या वेगळ्या वाटेने जातात. लॉरियलच्या चार्टमध्ये .४ हा कॉपर आणि .६ हा रेड, तर वेलाच्या चार्टमध्ये /४ हा रेड आणि /६ हा व्हायोलेट. श्वार्झकॉफची पद्धत आणखी निराळी. ब्रँड बदलला की जुना फॉर्म्युला डोळे मिटून चालवायचा नाही.

लेव्हल बघताना केस कोरडे, धुतलेले आणि दिवसाच्या उजेडात असावेत. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली ३ ची लेव्हल ४ वाटते. बट उचलून आरपार बघा, आणि मुळं, मधला भाग, टोकं या तिन्हींची लेव्हल वेगवेगळी लिहून ठेवा.

आता या विषयातला गाभा. केस उजळताना आतून जो उबदार रंग उघडा पडतो तो ठरलेला असतो. लेव्हल ४ ला लाल, ५ ला लाल-नारिंगी, ६ ला नारिंगी, ७ ला नारिंगी-पिवळा, ८ ला पिवळा, ९ ला फिका पिवळा, १० ला केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. हा रंग दाबायचा की वापरून घ्यायचा, हा निर्णय तुमचा. दाबायचा असेल तर कलर व्हीलवर त्याच्या समोरचा रंग घ्या: लालवर हिरवा, नारिंगीवर निळा, पिवळ्यावर जांभळा. वापरायचा असेल तर कॉपर, मेहॉगनी, रेड यांना तो आयताच पाया मिळतो. आपल्याकडच्या काळ्या केसांवर उबदार शेड इतक्या खुलून येतात त्याचं कारण हेच.

ॲश मात्र फसवतो. लेव्हल ३ च्या केसांवर पुरेसं न उजळता ॲश लावला तर ग्रे-ब्राऊन न होता मळकट काळा होतो. ब्लीच करून पिवळ्या झालेल्या केसांवर निळ्या बेसचा ॲश लावला तर पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा. तिथे जांभळा बेस हवा.

डेव्हलपर निवडणं आणि माप

१० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. १० ने मुख्यतः टोन बसतो. २० ने एक ते दोन लेव्हल उजळतं आणि पांढरे झाकायलाही तेच. ३० ने दोन ते तीन. ४० व्हॉल्यूम टाळूला लावायचं नाही, आणि शिकत असताना ती बाटली कपाटातच राहिलेली बरी.

ग्राहकाची लेव्हल ३ आणि हवी ५ ची शेड, तर फरक दोनचा: २० व्हॉल्यूम. हवी ६ ची, फरक तीनचा: ३० व्हॉल्यूम, तेही केस आधी रंगवलेले नसतील तरच. हवी ८ ची, तर ट्यूबने होणार नाही, आधी ब्लीच करून प्री-लाइटनिंग लागेल. आणि हे पाठ करून ठेवा: कलरने कलर उजळत नाही. आधी ४ नंबर लावलेल्या केसांवर ६ नंबर लावला तर नवीन मुळं उजळतील आणि जुनी लांबी आहे तशी गडद राहील. "मुळं चमकतात, खाली काहीच झालं नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

मिश्रणाचं प्रमाण कंपनीनुसार १:१ किंवा १:१.५, हाय-लिफ्ट (जास्त उजळणाऱ्या) शेडना १:२. पत्रकावर असेल तेच घ्या. डेव्हलपर जास्त घातलं की मिश्रण पातळ होऊन गळतं, रंग पातळ चढतो आणि पांढरे उघडे राहतात. कमी घातलं तर उजळणं अपुरं. अंदाजाने ओतू नका, स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटाही या कामाला पुरतो. बाऊल प्लास्टिकचा, ब्रशची दांडीही प्लास्टिकची. धातूच्या संपर्काने पेरॉक्साइड भलतीकडेच खर्ची पडतं.

रूट टचअपला (नुसत्या मुळांकडच्या नव्या वाढीला) साधारण २५ ते ३० ग्रॅम क्रीम पुरते. खांद्यापर्यंतच्या मध्यम दाट केसांना ८० ते १००, कमरेपर्यंतच्या दाट केसांना १५० च्या वर. काटकसर म्हणून क्रीम ओढून ओढून लावली की डाग पडतात. केस क्रीमने भिजलेले दिसले पाहिजेत, नुसते माखलेले नव्हे.

पहिल्यांदा ग्लोबल (सगळ्या केसांचा कलर) करताना

समजा खांद्यापर्यंतचे, कधीही न रंगवलेले लेव्हल ३ चे केस आहेत आणि ५.४ करायचा आहे. प्रमाण १:१.५ धरू. एकूण ८० ग्रॅम क्रीम आणि १२० ग्रॅम २० व्हॉल्यूम लागेल, पण सगळं एकदम कालवायचं नाही. आधी ५० ग्रॅम क्रीम आणि ७५ ग्रॅम डेव्हलपर. कालवलेलं मिश्रण तासभर ताकद धरून राहत नाही.

टाळू आदल्या दिवशी धुतलेली असावी. चंपी करून आलेल्यांना सौम्य शाम्पू करून केस पूर्ण वाळवा, पण टाळू नखांनी घासू नका. थोडं नैसर्गिक तेल राहिलं तर ते टाळूची राखण करतं. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलिन लावा, केसांना न लागू देता. भांगापासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, असे चार भाग करून क्लिपा लावा.

मागून सुरुवात करा. अर्धा-एक सेंटीमीटर जाडीचे आडवे पापुद्रे घ्या आणि मुळापासून दोन ते अडीच सेंटीमीटर सोडून खाली मधल्या भागावर आणि टोकांवर कलर लावा. मुळं आधी का नाहीत? डोक्याची ऊब मिळाल्याने टाळूजवळचा कलर लवकर काम करतो आणि तिथले केसही कोवळे असतात. एकाच वेळी सगळीकडे लावलं तर मुळं नारिंगी पेटतात आणि लांबी गडद राहते, हेच हॉट रूट्स. लांबीवर १५ ते २० मिनिटं झाली की उरलेली ३० ग्रॅम क्रीम आणि ४५ ग्रॅम डेव्हलपर ताजं कालवून मुळांना लावा. आता घड्याळ नव्याने लावा आणि पत्रकावरची पूर्ण वेळ द्या, बहुधा ३० ते ३५ मिनिटं. केस डोक्यावर थापून ठेवू नका, शेपटीच्या कंगव्याने उचलून मोकळे ठेवा.

शेड मूळ लेव्हलएवढीच किंवा गडद असेल तर ही दोन टप्प्यांची कसरत नको. मुळापासून टोकापर्यंत एकदाच लावा. टोकं सच्छिद्र असतील तर तिथे शेवटी, नाहीतर ती काळी पडतात.

नागपुरात याला हवामानाची जोड द्यावी लागते. एप्रिल-मेची कोरडी गरम हवा आणि त्यात कूलरचा झोत थेट खुर्चीवर आला की क्रीम कडेने वाळते. वाळलेली क्रीम काम करत नाही, ओलावा हवाच. कूलरचं तोंड फिरवा आणि क्रीम कोरडी पडू लागली तर थोडं मिश्रण वरून लावा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट होतं, थंड खोलीत कलर रेंगाळतो. पूर्ण वेळ तर द्याच आणि धुण्याआधी बट पुसून तपासा. डेव्हलपरच्या बाटल्या पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात त्या फुगतात आणि वरून २० लिहिलेलं असलं तरी आतली ताकद उतरलेली असते. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण लावू नका, वायू साठून बाटली फुटते.

धुताना घाई नको. आधी थोडं कोमट पाणी टाकून दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने मळा. कडेचे डाग याच क्रीमने सुटतात. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि कलरनंतरचा आम्लधर्मी शाम्पू-कंडिशनर लावा, म्हणजे फुललेलं क्युटिकल बसतं. पुढचे ४८ तास शाम्पू नको. घरी बोअरचं जड पाणी असेल तर केसांवर क्षार साठतात आणि रंग निस्तेज दिसतो. अशा ग्राहकाला कलरच्या आदल्या दिवशी क्षार काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू करा.

पांढरे आणि रूट टचअप

पांढरे किती टक्के, हे समोरून बघून ठरवू नका. कानशिलं, माथा आणि मान वेगवेगळी मोजा. पांढऱ्या केसात स्वतःचा पाया उरलेला नसतो, त्यामुळे नुसती ५.४ किंवा ५.६ लावली की तो पारदर्शक, झगझगीत तांबडा दिसतो. निम्म्याहून जास्त पांढरे असतील तर निम्मी नॅचरल आणि निम्मी फॅशन शेड घ्या: १५ ग्रॅम ५.० आणि १५ ग्रॅम ५.४, सोबत २० व्हॉल्यूम. १० व्हॉल्यूमने पांढरे नीट झाकत नाहीत आणि ३० ने जास्त उजळून झाकणी पातळ होते.

जिथे पांढरे जास्त तिथून सुरुवात करा, म्हणजे बहुधा कानशिलं आणि भांग, कारण तिथे सर्वांत जास्त वेळ मिळायला हवा. कानशिलांवरचे जाड, काचेसारखे केस कलर घेत नसतील तर आधी तिथे नुसतं २० व्हॉल्यूम डेव्हलपर १० मिनिटं लावा, न धुता पुसून वाळवा आणि मग कलर लावा.

टचअपमध्ये कलर फक्त नव्या वाढीवर. जुन्या रंगावर दर महिन्याला क्रीम चढत गेली की तिथे काळा पट्टा तयार होतो आणि वर्षभराने तो काढायला कलर रिमूव्हर किंवा ब्लीच लागतं. टोकं फिकी दिसत असतील तर शेवटची पाच मिनिटं मिश्रणात थोडं पाणी घालून खाली ओढा, त्याआधी नाही. बायका स्कूटीवर स्कार्फ बांधून फिरतात, त्याचं घर्षण आणि घाम कपाळाच्या कडेवरच येतो. तिथला रंग आधी उतरतो, म्हणून कडेच्या बारीक केसांना ब्रशच्या टोकाने क्रीम जास्त द्या.

बिघडलं तर

मुळं पेटली असतील तर लांबीच्याच लेव्हलची ॲश किंवा नॅचरल शेड १० व्हॉल्यूमने फक्त मुळांवर लावा आणि दर पाच मिनिटांनी बघा. पांढरे राहिले असतील तर आधी कारण शोधा: नॅचरल शेडचा बेस घातला नव्हता, क्रीम कमी पडली, की वेळ कापली. तेच मिश्रण तसंच पुन्हा लावलं तर तेच पुन्हा होईल. केस हिरवे झाले तर उबदार टोन लागेल, पण तो बारीक बटेवर आधी करून बघा. रंग हवा त्याहून गडद झाला तर त्याच दिवशी ब्लीचला हात घालू नका. क्लॅरिफाइंग शाम्पूने थोडा उतरतो, उरलेल्यासाठी रिमूव्हर. ओला केस रबरासारखा ताणला जाऊन परत येत नसेल तर तो तुटायच्या बेतात आहे, त्यावर कुठलंही रसायन नको.

कलर चालू असताना टाळूला झोंबणं वाढत असेल, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाला त्रास असेल तर वेळ मोजत बसू नका. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखान्यात न्या.

प्रत्येक ग्राहकाचं कार्ड करा: तारीख, मुळं-मध्य-टोकांची लेव्हल, पांढऱ्यांचं प्रमाण, ब्रँड आणि शेड ग्रॅममध्ये, डेव्हलपर, वेळ, पॅच टेस्ट कधी केली, निकाल कसा आला आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. काकू पुढचा टचअप करायला चार-पाच आठवड्यांनी येतील, तेव्हा सुरुवात त्या कार्डापासून करायची.